गळका बरगा

इतवारीत, दोरखंडांच्या गल्लीत, सोनिका काथ्याची चटई उलटीपालटी करून तिची वीण बोटाने चाचपत होती. तेवढ्यात गल्ल्यावर बसलेल्या म्हाताऱ्याने चष्म्याच्या वरून तिच्याकडे पाहिले आणि विचारले, "तुम्ही रीना मॅडमच्या इथल्या का जी?"

प्रश्न साधा होता. बाहेर हातगाडीवाला "बाजू, बाजू" करत निघाला होता, समोरच्या भांड्यांच्या दुकानात कोणीतरी पितळी गुंड रचत होते आणि त्यांचा खणखणाट गल्लीभर घुमत होता. त्या आवाजात तो प्रश्न हरवला असता तरी कोणाचे काही बिघडले नसते. पण सोनिकाला तो नेमका ऐकू आला. हे दुकान तिने शोधले होते. चटईच्या गाठी किती जाड हव्यात, वीण किती मोकळी हवी, हे या म्हाताऱ्याला तिनेच उभ्याउभ्या समजावून सांगितले होते. रीना इथे आली असेल एकदा. फार तर दोनदा.

"हो," ती म्हणाली. "तिथलीच."

"मग थांबा, आतली काढतो. हे वरवरची आहे." म्हातारा उठला, पडद्यामागे गेला आणि तिथूनच बोलत राहिला. "भल्ली मस्त बाई आहे ते. बसली, चहा घेतला, माह्या सुनेशी गोष्टी करत राहिली. मासोळ्यायले वर चढाले वाट करून राहिली म्हने नदीत. खरं आहे का हो?"

"खरं आहे."

"अन् तुम्ही काय करता तिथं?"

सोनिकाने हातातली चटई नीट घडी करून जागेवर ठेवली, जणू ती घडी हेच तिचे तिथले काम होते.

स्कूटरवर पायांशी उभी केलेली गुंडाळी गुडघ्यांना टोचत होती आणि तिचा वास, ओल्या पायपुसण्यासारखा, सिग्नलला थांबले की वर येत होता. अन् तुम्ही काय करता तिथं. खरे तर सांगता आले असते. कन्हानला जाऊन मिळणाऱ्या एका लहान नदीवर बंधारा आहे, काका. पावसाळा सरला की गावकरी त्याच्या दारांमध्ये लोखंडी फळ्या सरकवतात, एकीवर एक, बरगे म्हणतात त्यांना. पाणी अडते, वर चढते, पाटाने धानाच्या आणि संत्र्याच्या शेतांकडे वळते. बंधाऱ्याच्या खाली नदी बारीक होत जाते आणि तिथले मासे तिथेच अडकतात. उन्हाळा काढता येईल असे खोल डोह सगळे वरच्या बाजूला. म्हणून मासे वर चढतील अशी वाट करायची. अलीकडच्या काठाला मी केली, सिमेंटचा जिना, प्रत्येक पायरीवर एक टाके, पायरीची उंची आणि पाण्याचा वेग दोन्ही हिशोबात बसवून. पलीकडच्या काठाला रीनाने केली, दगडगोट्यांचा नुसता एक ढाळ, त्यात वाळ्याची बेटे आणि वर सावलीला करंज. आमच्या संस्थेच्या अश्विन सरांनी दोन्ही होऊ दिली. "पाहू या," ते म्हणाले होते, "मासे कोणाचं ऐकतात." गंमत म्हणून म्हणाले होते. मासे रीनाचे ऐकत होते. बरगे टाकल्यापासून दहा-बारा दिवसांत ढाळावरून बोटाएवढ्या दांडवनांचे थवे चढताना सगळ्यांनी पाहिले, झिंगे पाहिले, एक वाम दगडांमधून अंग घासत वर गेली तिचा व्हिडिओ तर गावाच्या प्रत्येक फोनवर होता. सोनिकाच्या जिन्यात दुसऱ्या टाक्यापर्यंत एक खेकडा आला होता. परवा अश्विन सर पैसे देणाऱ्या पाहुण्यांना घेऊन येणार होते. ते पाहतील आणि मग खालच्या सगळ्या बंधाऱ्यांवर दोघींपैकी एकीचेच काम होईल. दुसरी त्या कामावर देखरेख करील.

देखरेख हा शब्द तिला सर्वांत जास्त लागत होता. हरण्याचे तिला भय नव्हते, किंवा तिला तसे वाटत होते. पण रीनाच्या ढाळाचे दगड मोजून घेणे, रीनाच्या वाळ्याला पाणी मिळाले का ते पाहणे, आणि गावातल्या कोणी "रीनाताई नाही आली का आज?" असे विचारले की हसून उत्तर देणे, हे पुढची कित्येक वर्षे. गावात पलीकडच्या वाटेला रीनाताईचा ढाळ म्हणत. अलीकडच्या वाटेला सिमेंटचा जिना म्हणत. सोनिकाचा जिना असे कोणीही, चुकूनसुद्धा, म्हटलेले तिने ऐकले नव्हते.

एम.एस्सी.ला दोघी एका बाकावर होत्या. रीना तेव्हा गावाहून नुकतीच आली होती, काटोलकडची, आणि प्रयोगवहीत ती जसे बोलायची तसेच लिहायची. सोनिका तिची वाक्ये सुधारून द्यायची. ते करताना तिला बरे वाटायचे, हेही तिला आता आठवले. लाल पेन उघडताना बोटांना येणारी एक छोटी ऊब. रीनाला त्यात काही कमीपणा वाटत नसे. ती कोणालाही काहीही विचारायची. सरांना, शिपायाला, मत्स्यबाजारातल्या बायकांना. "मले हे समजलं नाही," असे ती इतक्या मोकळेपणाने म्हणायची की समोरचा माणूस खुर्ची ओढून जवळ यायचा. सोनिकाला न समजलेली गोष्ट ती घरी नेत असे, दार लावून घेत असे आणि समजली की दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून माहीत असल्यासारखी वर्गात बसत असे. तिच्याजवळ कोणी खुर्ची ओढली नाही. ओढायचे कारणच नव्हते.

सक्करदऱ्याच्या तलावाजवळ तिने स्कूटर हळू केली. तिचे लहानपण याच तलावामागच्या गल्लीत गेले. शेजारी दीप्ती नावाची मुलगी होती, तिचे केस कमरेखाली येत. सोनिकाची आई रविवारी दीप्तीला ओट्यावर बसवून वेणी घालून द्यायची, कारण दीप्तीच्या आईचा हात दुखायचा, आणि कारण, हे आई उघड म्हणायची, "केस पाहा ना पोरीचे, हात लावावासा वाटते." सोनिकाचे केस कापलेले असत. ती समोरच्या पायरीवर बसून पाहत राहायची. तीन बटा, डावी मधलीवर, उजवी मधलीवर, दर वळणाला आईच्या अंगठ्याने दिलेला हलका ताण. ती रडायची नाही, बोलायची नाही. नुसती पाहायची. इतकी पाहायची की पुढे स्वतःचे केस वाढल्यावर तिला वेणी शिकवावी लागली नाही, पहिल्याच दिवशी तिची बोटे आईच्या बोटांसारखी चालली. आई चकित झाली होती. कुठं शिकली गं? सोनिकाने सांगितले नाही. काय सांगणार होती? की मी तुझ्या हातांकडे दर रविवारी, भूक लागल्यासारखी पाहत होते.

तलावाच्या काठावर एक बाई उकडलेले शिंगाडे घेऊन बसली होती. सोनिकाने थांबून घ्यायचा विचार केला आणि घेतले नाही.

कार्यालय म्हणजे सक्करदऱ्यातल्या एका घराचा वरचा मजला. जिन्यातच तिला शिंगाड्यांचा वास आला. रीना जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसली होती, समोर शिंगाड्यांचा ढीग, बोटे सालींनी काळी झालेली.

"आणली का वं चटई?" रीनाने वर न पाहताच विचारले. "त्या काकाले सांगून आली होती मी, सोनिका येईल तर चांगलीच देजा म्हणून. दिली न?"

म्हणजे रीनाने तिचे नाव सांगितले होते. आणि म्हाताऱ्याच्या लक्षात राहिले ते रीनाचे. सोनिकाने गुंडाळी भिंतीशी टेकवली. "दिली."

"बस. खाय." एक सोललेला शिंगाडा पुढे आला. "रूपरावजीचा फोन आला होता. उद्या बुजवणी आहे म्हने. सकाळीच बलावलं. सारं गाव येते अन् भीमाबाई भजे तळते काठावर. तू मागच्या साली नव्हती न, तुले भल्ली गंमत वाटन पाय."

सोनिकाने शिंगाडा तोंडात टाकला. तो पिठूळ, कोमट होता.

बुजवणी. तिला ठाऊक होते ते काय असते. बरगे टाकले तरी त्यांच्या सांध्यांतून पाणी गळत राहते. पहिले काही दिवस नदीला ओढ असते तोवर गावकरी दुर्लक्ष करतात. मग एक दिवस ठरतो. घरटी एक माणूस येतो, तनस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि काळी माती कालवून गोळे करतात आणि प्रत्येक सांधा दाबून बुजवतात. थेंबही खाली जाऊ नये, पाटाला पाणी पुरावे म्हणून. पहिला गोळा गावातल्या एखाद्या लेकीबाळीच्या हातून लावायचा, असा तिथला रिवाज. हे सगळे तिला ठाऊक होते, आणि आणखी एक गोष्ट ठाऊक होती जी या खोलीत, या गावात, आणखी कोणालाही ठाऊक नव्हती.

गेले दहा-बारा दिवस ती रोज बंधाऱ्यावर जात होती. जायची आपल्या जिन्यासाठी. अलीकडच्या काठावर, जिन्याच्या कडेला, एका चपट्या दगडावर ती बसायची आणि तिची नजर, तिने कितीही आवरली तरी, पाणी ओलांडून पलीकडे जायची. कोणता थवा केव्हा आला, ढाळाच्या तोंडाशी तो किती रेंगाळला, कोणत्या दगडामागे दम खाल्ला. आपल्या जिन्यातल्या पाण्याकडे तिने कधी असे पाहिले नव्हते. आणि एका सकाळी तिला दिसले की मासे ढाळाकडे येतच नाहीत. ते येतात शेवटून दुसऱ्या दाराकडे. त्या दारातला एक बरगा वाकलेला आहे, त्याच्या सांध्यातून पाण्याची एक जाड, पांढरी धार सतत खाली कोसळते, आवाज करते, खाली फेस करते. मासे त्या धारेशी जमतात. प्रवाहाला तोंड करून तिथे झुलत राहतात, वर जायची वाट इथेच कुठेतरी असणार म्हणून. तिथे वाट नसते. मग भिंतीला अंग लावून शोधत सरकतात, आणि थोड्याच अंतरावर त्यांना ढाळाचे तोंड सापडते. ढाळावरून येणारे पाणी बारीक, मुके. ते एकट्याने कोणाला बोलावू शकले नसते. तिचा जिना तर दूर, संथ पाण्यात उघडत होता. नकाशावर ती जागा फार नीट दिसली होती. तिने ज्या पुस्तकांतून पायऱ्यांची उंची घेतली, त्या पुस्तकांतले मासे उड्या मारणारे होते.

तिला खात्री नव्हती. मग दोन दिवसांनी सिमेंटचे एक रिकामे पोते वाहत आले आणि त्या सांध्यावर जाऊन चिकटले. धार बंद झाली. ढाळाच्या तोंडाशी गर्दी होती ती हळूहळू विरळ झाली, मासे इकडेतिकडे पांगले, आणि मग ढाळावर कोणीच नव्हते, नुसते दगड आणि वाळा आणि पाणी. सोनिका दगडावर ताठ बसून होती. शास्त्र शिकलेल्या माणसाला असा आनंद क्वचित मिळतो, गोष्ट आपल्यासमोर स्वतःहून सिद्ध होते असा. पण तिला झालेला आनंद तेवढाच नव्हता आणि हे तिला त्याच क्षणी कळले. थोड्या वेळाने पोते सुटून गेले, धार पुन्हा कोसळू लागली, मासे पुन्हा आले, आणि ती घरी आली. तिने कोणाला सांगितले नाही. ती गोष्ट तिने जिभेखाली ठेवली, खडीसाखरेसारखी, न चावता.

आता फक्त गप्प राहायचे होते. उद्या गाव येईल, तो सांधा बुजवील. परवा पाहुणे येतील आणि त्यांना दोन रिकाम्या वाटा दिसतील. त्यांतली एक निदान नीटनेटकी असेल, तिच्या पायऱ्यांचे कोन काटकोन असतील. यात खोटे बोलावे लागणार नव्हते. तिला कोणी विचारलेच नव्हते.

"अवं, कुठं गेली?" रीना म्हणाली. "आणखी घे न. तुह्या साठीच तर आणले, तुले आवडते म्हणून."

दुसऱ्या दिवशी त्या रीनाच्या गाडीवरून निघाल्या. कन्हानचा पूल मागे पडला, कोळशाच्या ट्रकांची रांग संपली आणि धानाच्या बांध्या सुरू झाल्या, पिवळसर, कापणीच्या वाटेवर. रीनाची वेणी वाऱ्याने उडून सोनिकाच्या गालावर येत होती. तिने ती एकदा बाजूला केली, दोनदा केली, मग हातात धरून ठेवली. वेणी सैल होती, घाईत घातलेली. मधली बट एका ठिकाणी चुकली होती. सोनिकाच्या बोटांना ते लगेच कळले आणि तिच्या मनात आले की हिला काहीच नीट करावे लागत नाही.

"पकडून ठेवली का वं वेणी?" रीना वाऱ्यात ओरडली. "सोडू नको, नाही तर चाकात जाईल!"

बंधाऱ्यावर खरेच जत्रा होती. पुरुष गुडघ्यांपर्यंत पाण्यात, बायका काठावर माती तुडवत, एकीकडे तीन दगडांवर कढई. पाणीवाटपाच्या समितीचे रूपरावजी धोतर खोचून भिंतीवर उभे होते आणि सगळ्यांवर ओरडत होते, आणि कोणी ऐकत नव्हते.

"आल्या पोट्ट्या!" कढईमागून भीमाबाई म्हणाली. "रीनाताई, तुह्या ढाळावर काल पाय घसरला माह्या म्हशीचा. तुह्या मासोळ्या हासल्या असतीन."

"म्हशीले सांगा, जिन्यानं जाय म्हणून," रीना म्हणाली. "पक्का सिमेंटचा आहे."

सगळे हसले. सोनिकाही हसली. रीनाच्या बोलण्यात डंख नव्हता, हे तिला दिसत होते, आणि डंख असता तर बरे झाले असते असेही वाटत होते.

"पहिला गोळा कोन लावते?" रूपरावजींनी विचारले. "रीनाताई, तू मागच्या साली लावला. यंदा त्या मॅडमले देऊ. काय नाव तुमचं?"

"सोनिका," ती म्हणाली.

"या सोनिकाबाई. त्या पलीकडच्या दारातून सुरू करा, तोच भल्ला गळून राहिला. वाकला आहे तो बरगा."

भीमाबाईने मातीचा थंड, जड गोळा तिच्या ओंजळीत ठेवला. तनसाच्या काड्या तळव्याला टोचल्या. सोनिका सलवार वर खोचून पाण्यात उतरली आणि भिंतीच्या कडेने, शेवाळावर पाय जपत, शेवटून दुसऱ्या दाराशी गेली. इतक्या जवळून ती धार तिने कधी पाहिली नव्हती. दुरून पांढरी दिसायची, जवळून ती काचेसारखी होती आणि फुटल्यावर पांढरी व्हायची. आवाजाने बाकी सगळे आवाज पुसले. आणि पोटऱ्यांना काहीतरी लागले. तिने खाली पाहिले. मासे होते, बोटाएवढे, तिच्या पायांच्या मधून, पायांना घासून, सगळ्यांची तोंडे धारेकडे. त्यांना तिचे पाय म्हणजे दोन दगड. ते इतके लहान होते आणि इतक्या जोराने एका जागी टिकून होते की तिला एकदम लाज वाटली, कशाची ते कळण्याआधी.

"दाब न वं पोरी!" काठावरून भीमाबाई ओरडली. "लाजून कायले राहिली?"

तिने दोन्ही हातांनी गोळा सांध्यात दाबला. पाण्याने आधी तो ढकलला, मग मनगटांवरून दोन बाजूंनी उसळले, मग माती बसली. आवाज निम्मा झाला. पोटऱ्यांवरचे स्पर्श बदलले. आधी ते सगळे एका दिशेने होते, आता ते कुठूनही येऊ लागले, एक इकडून, एक तिकडून, मग कमी, मग एखादाच. तिचे हात मातीवर होते आणि ती डोळे मिटून फक्त पायांनी मोजत होती. जाताहेत. हेच तिने दगडावरून पाहिले होते, ताठ बसून. तेव्हा दृश्य होते. आता तिच्या कातडीवरून एकेक जण निघून जात होता आणि कोणालाही कळत नव्हते की कोण त्यांना घालवते आहे. फक्त तिला.

रीना मागे आली होती, दुसरा गोळा घेऊन. "सरक, मी लावते. दोघींनी लावू."

"थांब," सोनिका म्हणाली. आणि तिने माती ओरबाडून काढली. धार तिच्या छातीवर आली, ती चिंब झाली.

"अबाबा! हे काय करून राहिल्या?" रूपरावजी भिंतीवरून वाकले.

सोनिका बोलू लागली. बंधाऱ्याच्या पायथ्याशी प्रवाहाचा वेग जिथे सर्वाधिक असतो तिथे मासे आकर्षित होतात, आणि मार्गाचे प्रवेशद्वार त्या ठिकाणालगत नसेल तर. ती बोलत गेली आणि समोरचे चेहरे आदराने कोरे होत गेले. तिला ते दिसत होते आणि थांबता येत नव्हते. शेवटी ती रीनाकडे वळली आणि फक्त तिला, हळू आवाजात, पोत्याची गोष्ट सांगितली.

रीनाचे तोंड उघडे राहिले. मग ती वळली आणि मोठ्याने म्हणाली, "रूपरावजी, ऐका! मासोळीले वाट दिसत नाही, तिले पाण्याचा आवाज लागते. तुम्ही लग्नाच्या मांडवात कसे जाता? बँड ऐकून न? हा गळका बरगा म्हणजे बँड आहे. बँड बंद केला तर वऱ्हाड हिंडतच राहीन गावभर!"

काठावर हशा पिकला. कोणी तोंडाने पिपाणी वाजवली. सोनिकाने इतके दिवस जिभेखाली ठेवलेली गोष्ट एका श्वासात सगळ्यांची झाली होती, आणि ती रीनाच्या आवाजात होती. आता गावात ती तशीच राहील, बँड आणि वऱ्हाड, कायमची.

रूपरावजी मात्र हसले नाहीत. ते पाटाकडे पाहत होते. "हे बरोबर आहे ताई. पण पाणी चाललं न खाली. माह्या शेवटच्या शेतकऱ्याले काय सांगू?" मग डोके खाजवून ते म्हणाले, "एक. एकच सांधा ठेवतो. दोन मागू नका. कोनता ठेवाचा ते सांगा. हा ठेवू, का तिकडे जिन्याजवळचा मोकळा करू? तो बी वाट आहे न." आणि त्यांनी सोनिकाकडे पाहिले. "तुम्ही सांगा. समजलं तुम्हाले आहे."

सगळे तिच्याकडे पाहत होते. रीनाही. रीनाच्या चेहऱ्यावर नुसती उत्सुकता होती. खरेच, सोनिकाला वाटले, हिला माझ्या उत्तराची भीती वाटत नाही. तिने अलीकडच्या काठाकडे पाहिले. जिना उन्हात स्वच्छ दिसत होता. तिथे बरगा सैल केला तर धार पडेल, मासे येतील, पहिल्या टाक्यात नक्की शिरतील. उद्या पाहुण्यांना टाके भरलेले दिसेल. दुसरे, कदाचित तिसरेही. पुढच्या पायऱ्या दांडवनांना चढता येणार नाहीत, वामेला धरायला तिथे खरबरीत काही नाही. म्हणून तर ती काथ्याची चटई आणली होती. चटईने थोडे भागेल. किती भागेल? हे फक्त तिला ठाऊक होते, आणि हिशोब करायला तिला कागद लागला नाही. पायांभोवती मासे पुन्हा जमू लागले होते.

"हाच," ती म्हणाली. धारेच्या आवाजात तो शब्द बुडाला, म्हणून पुन्हा म्हणावे लागले. "हाच ठेवा."

मग बाकीचे सांधे भराभर बुजू लागले. एकेक आवाज विझत गेला आणि नदी शांत झाली, ती एक धार सोडून. भीमाबाई भज्यांची परात घेऊन भिंतीवरून आली. "हे काहून सोडली?"

"तो रीनाताईचा बरगा आहे," एक जण म्हणाला. "बँडवाला."

"माहा नाही," रीना लगेच म्हणाली. "सोनिकाचा आहे. तिनं शोधला." ती मोठ्याने, दोनदा म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असे, आणि सोनिकाच्या ओल्या खांद्यावर हात ठेवला. हात उबदार होता. सोनिकाला तो झटकून टाकावासा वाटला. चोरी तिने सहन केली असती. तिच्याजवळ चोरीसाठी सगळी तयारी होती, वाक्येसुद्धा. या हातासाठी काहीच नव्हते.

दोघी धारेपासून जरा दूर, ढाळाच्या वरच्या करंजाखाली बसल्या. भजी तेलकट, गरम होती.

"पण तुले समजलं कसं वं?" रीनाने विचारले. "मी रोज इथं, अन् मले नाही दिसलं."

"पाहून."

"काय पाहून?"

"तुझा ढाळ. रोज पाहत होते."

रीना हसली. "अन् तुह्या जिन्याकडे कोन पाहे मग?"

सोनिकाने हातातले भजे मोडून दोन तुकडे केले. रीनाने तिच्याकडे जरा नीट पाहिले, आणि हसू ओठांवर तसेच ठेवून ती परातीत काहीतरी शोधू लागली. तिची वेणी पुढे आली होती, मधली बट सुटत चाललेली. सोनिकाचे हात एकदा उठले आणि मांडीवर परत आले.

खाली धारेशी पाणी निवळले होते. अजून तिथे कोणी नव्हते. इतक्या पायांनी, इतक्या मातीने मासे घाबरले असतील. कदाचित आता येणार नाहीत. ते येऊ नयेत असे सोनिकाला वाटले, अगदी स्पष्ट, एखाद्या नवसासारखे वाटले. मग भिंतीच्या सावलीतून पहिला आला, धारेशी जाऊन झुलत राहिला. त्याच्यामागे आणखी. भिंतीला अंग लावून ते सरकले, ढाळाच्या तोंडाशी थबकले आणि वळले. सोनिका मान पुढे काढून पाहत राहिली, दर वळण, दर दगड, त्यांतला एकही न सोडता.